डिलॉयनं न पाडलेली लगोरी

आमच्या टारवॉटर गावात दोनशे अकरा माणसं राहतात आणि त्यातल्या दोनशे दहांबद्दल मी वाट्टेल ते सांगू शकते. उरला एक, माझा शेजारी डिलॉय स्टॉलवर्दी. तसं त्याच्याबद्दलही मी वर्षानुवर्षं सांगतच आले. पण गेल्या ऑगस्टपासून त्याचं नाव निघालं की मला दुकानाच्या मागच्या बाजूला काहीतरी काम आठवतं. आज बसून लिहितेय, कारण गावात त्याच्याविषयी जे बोललं जातंय ते अर्धवट आहे, आणि उरलेलं अर्धं फक्त मला, त्याला आणि त्याच्या बायकोला माहीत आहे.

डिलॉयचं वय चौऱ्याहत्तर. उंच, वाळलेला, कान मोठे. चौतीस वर्षं त्यानं काउंटीचं खडीचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं. वाळवंटातले रस्ते दर पावसात विस्कटायचे आणि हा दर पावसानंतर ते विंचरायचा. “माझा जन्म केस विंचरण्यात गेला, आणि तेही दुसऱ्याचे,” असं टोपी काढून टक्कल दाखवत सांगायचा. विनोद हा एवढा एकच. चर्चच्या दर जेवणावळीत तो व्हायचा आणि आम्ही सगळे दरवेळी हसायचो.

एकतीस वर्षांपूर्वी मेव्हण्याची हरवलेली गाय शोधत तो उघड्या खडकांवरून भटकत गेला आणि एका कड्याच्या टोकाला पोचला. तिथं खडकालाच हात-पाठ असलेल्या खुर्चीचा आकार आहे. समोर दोन हजार फूट खाली नदीनं घेतलेला पुरता वळसा, आणि पलीकडे लाल डोंगरांच्या रांगामागून रांगा. गाय मिळाली नाही. पण परत येताना रस्ता चुकू नये म्हणून त्यानं जागोजाग दगडावर दगड ठेवले. पुढच्या रविवारी बायकोला, अर्व्हिलाला, घेऊन तो तीच खूण धरून गेला. त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या चर्चच्या बिशपना. बिशप त्या खुर्चीत बसले, दहा मिनिटं बोलले नाहीत आणि आमच्या गावात हा चमत्कारच होता. म्हणून जागेचं नाव पडलं बिशपची खुर्ची.

वाट जेमतेम पाऊण मैलाची. पण सगळी नागड्या खडकावरून. पाऊल उमटत नाही, गवत नाही, झाडं म्हणजे इकडेतिकडे पिळवटलेली चार जुनिपर. दगडांच्या उतरंडी नसतील तर माणूस दोनशे पावलांत दिशा विसरतो. डिलॉयनं अशा त्रेचाळीस उतरंडी रचल्या. मोठा दगड खाली, त्याहून लहान वर, अशा गुडघाभर. त्याचा नियम होता, वरचा दगड खालच्यावर तीन ठिकाणी टेकला पाहिजे. दोनवर टेकला तर डुलतो, तीनवर टेकला तर बसतो. आणि एका उतरंडीपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे, तीही बुटक्या माणसाला. अर्व्हिला पाच फुटांची. तिला एकेका उतरंडीपाशी उभं करून तो लांबून ओरडायचा, “दिसते का गं?”

“मला घरी भट्टीत करपणारे बटाटे दिसतायत,” ती ओरडायची. “तुझी उतरंडही दिसते. चल आता!”

प्रत्येक उतरंडीला नाव होतं. अठ्ठाविसावीचं नाव ‘सासू’, कारण ती कायम आता पडेल आता पडेल वाटायची आणि कधी पडली नाही.

पुढं सरकारी कचेरीनं ती वाट आपल्या नकाशावर घेतली. डिलॉयला एक हिरवं जाकीट दिलं, पाठीवर ‘स्वयंसेवक’ लिहिलेलं. पगार नाही. त्यानं ते जाकीट असं जपलं की अर्व्हिला म्हणायची, लग्नाचा सूट कसरीनं खाल्ला तेव्हा याला काही वाटलं नाही.

दर सोमवारी तो वर जायचा. उतरंडी तपासायचा, ढिल्या झालेल्या बसवायचा आणि खोट्या पाडायचा. खोट्या म्हणजे टुरिस्टांच्या. हल्ली जो येतो तो चार चपटे दगड एकावर एक ठेवतो, फोटो काढतो आणि निघून जातो. दिसायला सुंदर, सडपातळ. पण मागून येणाऱ्याला वाटतं हीच वाट, आणि तो जातो भलतीकडे. डिलॉय बुटाच्या कडेनं एक ठोकर द्यायचा, लगोरी फुटल्यासारखी ती विखरायची, आणि मग तो ते दगड निरनिराळ्या दिशांना नेऊन टाकायचा, पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून.

एक गंमत मी कायम पाहिली. वर पोचला की तो खुर्चीत बसायचा, पण देखाव्याकडे पाठ करून. डबा उघडायचा आणि शेवटच्या वळणावरून येणाऱ्यांची तोंडं बघत बसायचा.

“ब्रदर, लोक हजार मैलांवरून येतात ते मागं आहे,” मी एकदा म्हणाले. आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टरच म्हणतात.

“मला माहितीय मागं काय आहे. ते कुठं पळत नाही. तोंडं मात्र रोज नवी असतात.”

आता माझं. वाटेच्या पायथ्याला, पार्किंगच्या कडेला, माझी दुकानगाडी आहे. बर्फ, पाणी, टोप्या, आणि काचेच्या बाटलीतली रूट बिअर. नावात बिअर असली तरी बिशपनाही चालते अशी. जागा सरकारी कचेरीची, परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. आणि माझा स्वभाव असा, की सरळ चाललेल्या माणसाला टपली मारल्याशिवाय मला जेवण जात नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका पहाटे, दुकान उघडण्याआधी, मी वर गेले आणि वाटेच्या जरा बाजूला पाच दगडांची लगोरी रचून तिच्या डोक्यावर रूट बिअरच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण ठेवून आले. सोमवारी दुपारी डिलॉय दुकानापाशी आला. खिशातून झाकण काढून त्यानं फळीवर ठेवलं.

“सिस्टर नेडा, तुमची टोपी वर पडली होती.”

“अगं बाई! वाऱ्यानं उडाली असेल.”

“वाऱ्यानं पाच दगडांवर नेऊन ठेवली. आमचा वारा फार शिस्तीचा आहे.”

तेव्हापासून तो खेळच झाला. महिन्यातून एक-दोनदा मी लगोरी रचायची, सोमवारी त्यानं पाडायची, झाकण परत आणून द्यायचं. मी ती झाकणं बरणीत टाकायची. मी लगोरी नेहमी अशा कोपऱ्यात रचायचे जिथं कुणी चुकणार नाही, तेवढी अक्कल मला होती. आणि एक गोष्ट न सांगता दोघांमध्ये ठरून गेली, झाकण असेल ती माझी. ती तो न बघता, न थांबता, चालता चालता ठोकरायचा.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका गुरुवारी ढगफुटी झाली. डिलॉय तेव्हा गावात नव्हता. शहरात मुलीकडे, उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी गेला होता. शुक्रवारी सरकारी कचेरीची नवी रेंजर टॅमसिन वर जाऊन आली. सव्वीस वर्षांची, पूर्वेकडच्या कुठल्या हिरव्या मुलखातून आलेली, नाकावर कायम कातडी सोललेली. दुकानापाशी येऊन ती दोन बाटल्या पाणी घटाघटा प्यायली.

“नेडा, तिसाव्या उतरंडीपुढचा तो खडकाचा ओटा आहे ना, तो पाण्यानं खालून पार पोखरलाय. वरून काही कळत नाही. मी वाट डावीकडून फिरवलीय. पुढच्या दोन जुन्या उतरंडी काढून टाकल्या आणि वळणावर नव्या तीन रचल्या. पाटी छापून यायला आठवडा लागेल. मिस्टर स्टॉलवर्दी परत आले की त्यांना तेवढं सांगशील?”

“सांगते की. माझ्या पोटात काही राहतं का?”

“म्हणूनच तुला सांगितलं,” ती म्हणाली. तिनं ते हसून म्हटलं होतं.

डिलॉय शनिवारी आला, डोळ्यावर पट्टी घेऊन. रविवारी चर्चमध्ये तो माझ्या पुढं दोन ओळींवर बसला होता. निरोप माझ्या जिभेच्या टोकावर होता. पण त्याच वेळी दुसरंही काही सुचलं, आणि माझं हसू गाण्याच्या पुस्तकामागं लपेना. नव्या उतरंडीवर आपलं झाकण ठेवलं तर? डिलॉय स्टॉलवर्दी, ज्यानं आयुष्यात सरकारी दगड हलवला नाही, तो चालता चालता रेंजरची उतरंड ठोकरेल! मग झाकण घेऊन दुकानापाशी येईल, तेव्हा मी सांगेन. त्याचे कान लाल होतील. धावत जाऊन पुन्हा रचेल. पाऊण मैल तर आहे. वर्षभर पुरेल एवढी मजा.

सोमवारी पहाटे मी वर गेले. टॅमसिनच्या तीन उतरंडींपैकी खालून येणाऱ्याला एकच दिसायची, बाकीच्या दोन वळणापलीकडे. आणि पोरीनं ती रचली होती अगदी टुरिस्टासारखी, उंच, सडपातळ, सुंदर. मी तिच्या डोक्यावर झाकण ठेवलं आणि खाली आले.

दिवसभर वाट पाहिली. दुपार झाली, डिलॉय आला नाही. त्याच दिवशी एक बसभर म्हातारी माणसं उतरली, टोप्या संपत आल्या, बर्फ संपला. संध्याकाळी बरणीकडे पाहिलं. झाकण आलं नव्हतं. म्हणजे डोळ्यामुळे या सोमवारी तो गेलाच नाही, मी ठरवून टाकलं. म्हणजे उतरंड उभी आहे. आणि झोपले.

तो गेला होता.

सकाळीच गेला होता, मी बसच्या गर्दीत असताना. झाकण दिसल्याबरोबर त्यानं ती ठोकरली आणि दगड चार दिशांना टाकले. पुढं आपल्या दोन उतरंडी जागेवर नाहीत हे पाहिलं. पुरानं नेल्या म्हणाला आणि तासभर खपून त्या पुन्हा रचल्या, तीन ठिकाणी टेकवून, जिथं होत्या तिथंच. त्या ओट्यावरून तो दोनदा गेला-आला. त्याच्या वजनाला ओटा टिकला.

मंगळवारी सकाळी आठला निळ्या गाडीतून ग्लेनिस नावाची बाई उतरली. ओहायोहून आलेली, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली, एकसष्ट वर्षांची. माझ्याकडून टोपी घेतली.

“एकटीला जमेल का हो?”

“डोळे मिटून जाल. फक्त दगडांच्या मागं जा. आमच्या डिलॉयच्या दगडांनी आजवर कुणाला चकवलं नाही.”

हे मी म्हणाले. याच तोंडानं.

चार वाजता डिलॉय पार्किंगमध्ये आला. रोज चारला तो उभ्या गाड्या मोजायचा, कुणी वर राहिलं तर नाही ना बघायला. पारा एकशे आठ फॅरनहाइटवर होता, त्या उन्हात दिवसभर दुसरं कुणी वर गेलं नव्हतं.

“ही निळी गाडी कधीची?”

“सकाळची. चित्रबित्र काढत बसली असेल.”

“एकशे आठमध्ये?” त्यानं पाण्याचे दोन मोठे कॅन उचलले आणि चालायला लागला, डोळ्यावर पट्टी तशीच. पाऊण तासानं शिट्टी ऐकू आली. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. आमच्याकडे याचा अर्थ पोरालाही कळतो. मी दुकानाच्या फोनवरून मदतपथकाला कळवलं, बर्फाची पिशवी पाठीवर टाकली आणि धावले. बावन्नाव्या वर्षी मी अशी धावले हे गावात कुणाला खरं वाटणार नाही.

ओटा मधोमध तुटला होता. बारा फूट खाली, तुकड्यांमध्ये, ती बाई आडवी होती. एक पाय असा वळलेला की मी पुन्हा तिकडे पाहिलं नाही. ओठ फाटलेले. पण जिवंत. डिलॉय तिच्याजवळ गुडघ्यांवर होता. अंगातला शर्ट काढून त्यानं दोन्ही हातांनी तिच्या तोंडावर छपरासारखा धरला होता, आणि त्याची पांढरी, हाडकुळी पाठ उन्हात भाजत होती. तुटक्या कडेला त्यानं सोमवारी रचलेली एक उतरंड तशीच उभी होती. एक दगडही हलला नव्हता.

मी वरून डावीकडे पाहिलं, जिथं टॅमसिनची उतरंड होती. नुसता खडक. डिलॉयनं मला तिकडे पाहताना पाहिलं.

“नेडा,” तो म्हणाला. सिस्टर नाही, काही नाही. “ती तुझी नव्हती?”

“नाही.”

“कुणाची होती?”

“टॅमसिनची. वाट फिरवली होती. तुम्हाला सांगायचं होतं.”

“मग झाकण?”

“ते माझं.”

त्यानं शर्टाची सावली पुन्हा तिच्या तोंडावर नीट आणली.

“बर्फ दे इकडे,” तो म्हणाला.

ग्लेनिस वाचली. कंबरेचं हाड मोडलं, मूत्रपिंडं जेमतेम वाचली, आता आधाराची लोखंडी चौकट धरून चालते.

तीन आठवड्यांनी सरकारी कचेरीत चौकशी झाली. लांब टेबलापलीकडे दोन साहेब आणि एक बाई, अलीकडे डिलॉय, टॅमसिन आणि मी. डिलॉय हिरवं जाकीट घालून आला होता, अर्व्हिलानं इस्त्री केलेलं. एकच गोष्ट ठरायची होती आणि ती त्याला जाताना गाडीतच माहीत होती. वाट त्याची राहते की जाते.

“मिस्टर स्टॉलवर्दी, रेंजरची उतरंड तुम्ही पाडलीत?”

“हो.”

“का?”

“खोटी वाटली.”

“कशावरून? तुम्ही एकतीस वर्षं हे काम करताय.”

त्याचा हात जाकिटाच्या खिशात गेला. मला माहीत होतं त्या खिशात काय आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओरडून नाही, विनवून नाही, नुसतं पाहिलं, जसं उतरंडीपाशी उभं करून अर्व्हिलाला बघायचा. दिसतं का?

मी खिडकीबाहेर झेंड्याच्या खांबाकडे बघत होते. माझ्या मनात परवाना होता. सप्टेंबर होता, आणि ऑक्टोबरमध्ये तो याच टेबलावर यायचा होता.

“डोळा,” डिलॉय म्हणाला. “नुकतं ऑपरेशन झालं होतं. नीट दिसलं नाही.”

टेबलापलीकडची बाई माझ्याकडे वळली. “रेंजर म्हणतात, वाट बदलल्याचा निरोप त्यांनी तुमच्याजवळ दिला होता. तुम्ही पोचवलात?”

आता मला सांगा, बावन्न वर्षं ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजला नाही, तिला त्या वेळी काय व्हावं? नुसतं ‘विसरले’ म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. विसरणं हा काही गुन्हा नाही.

“सांगितलं होतं, बहुतेक,” मी म्हणाले. “रविवारी. चर्चमध्ये.”

टॅमसिननं मान वर केली. डिलॉय टेबलावरचं पाणी प्याला, सगळं, सावकाश.

“सांगितलं असेल,” तो म्हणाला. “हल्ली माझ्या लक्षात राहत नाही.”

जाकीट तिथंच काढून घेतलं. त्यानं बटणं लावून, घडी घालून टेबलावर ठेवलं. त्याआधी खिशातलं काढून पँटच्या खिशात टाकलं, कुणाला दिसलं नाही. पत्र नंतर आलं. वाटेवर फिरायला मनाई नाही, पण तिथल्या एकाही दगडाला त्यानं हात किंवा पाय लावायचा नाही. महिन्याभरात त्रेचाळीस उतरंडी काढल्या आणि लोखंडी खांब बसवले, प्रत्येकावर पिवळा बाण. सासू पाडायला दोन माणसं लागली, असं टॅमसिन म्हणाली. ती आता माझ्याकडे पाणी घेत नाही, घरून आणते.

गावानं निकाल केव्हाच दिला होता. ‘म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही हल्ली.’ ‘चर्चमध्ये सांगितलेलं सोमवारी विसरला.’ दुकानात लोक हे मला सांगायचे, मला! आणि मी बर्फ मोजून द्यायचे. एकदा बिशपच म्हणाले, “बिचारी अर्व्हिला. नेडा, शेजारी म्हणून तू लक्ष ठेव हं.”

अर्व्हिला एकदाच आली, ऑक्टोबरात, माझा परवाना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी. माझी काचेची बशी परत करायला आली होती. दारातच उभी राहिली.

“त्यानं मला सगळं सांगितलंय,” ती म्हणाली.

“अर्व्हिला, मी...”

“तू थांब. आजवर तूच बोललीस. झाकण त्या दिवशी परत का आलं नाही, माहितीय?”

मी मान हलवली.

“रविवारच्या जेवणावळीत तू हिरवी जेली आणणार होतीस ना, तिच्यात लपवणार होता. अकरा वर्षं तूच खोड्या काढतेस, एकदा तरी मी काढतो, म्हणाला. सोमवारची आख्खी रात्र पलंगावर एकटाच हसत होता. मी म्हटलं, वेडा झालास का?” तिनं बशी माझ्या हातात दिली. “आता गाव तेच म्हणतं.”

“मी जाऊन सांगते कचेरीत. आजच सांगते.”

“तो नको म्हणतो. म्हणतो, त्यानं बाईचं हाड जुळणार नाही, आणि नेडाची पोटाची सोय मात्र जाईल.” ती पायरी उतरली, मग वळली. “मी असते तर जाऊ दिली असती.”

मी अजून गेले नाही. नको म्हणाला ना तो! मनाई त्यानं केली, म्हणून माझी सोय झाली.

त्याला फिरायला मनाई नव्हती, म्हणून एकदा तो वर गेला होता. मी दुकानातून पाहिलं, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून चालला होता. अर्ध्या तासात परत. वाटेत कुणीतरी लगोरी रचलेली असणार, रोजच असतात. नाताळात ग्लेनिसचं कार्ड आलं. अर्व्हिलानं ते चर्चमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं, माझ्याकडे न बघता. ‘तुम्ही आठ तासांनी आलात तरी तुमचा शर्ट मी विसरणार नाही. त्या टोकाला मी पोचलेच नाही. तिथून काय दिसतं, ते लिहून कळवाल का?’ डिलॉयनं अजून उत्तर लिहिलेलं नाही. काय लिहिणार? एकतीस वर्षं तिकडे त्यानं पाठच केली होती.

आता शेवटचं सांगते. डिसेंबरात मला राहवलं नाही. बोलून माफी मागायला गेले असते तर माझं तोंड पुन्हा काहीतरी भलतं बोललं असतं. एका पहाटे मी त्याच्या फाटकाबाहेर, टपालपेटीच्या खांबापाशी, पाच दगडांची लगोरी रचली. वर झाकण ठेवलं. मनात म्हटलं, येऊ दे, ठोकरू दे, झाकण माझ्या तोंडावर फेकू दे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पेटी दिसते.

अकराला तो टपाल घ्यायला आला. लगोरी पाहिली. उभा राहिला. मी इकडे पडदा मुठीत धरलेला. त्यानं तिला वळसा घातला, टपाल घेतलं, पुन्हा वळसा घातला आणि आत गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. ज्या माणसानं आयुष्यभर एक लगोरी उभी ठेवली नाही, तो रोज माझ्या लगोरीला वाट देऊन जायला लागला.

जानेवारीत बर्फ काढणारा ट्रक आला आणि त्याच्या पात्यानं ती उडवली. दगड रस्ताभर. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उभी होती. माझी नव्हे. खाली मोठा, रुंद दगड, वर लहान, त्यावर आणखी लहान, प्रत्येक तीन ठिकाणी टेकलेला. रस्त्यापासून जरा आत, जिथं ट्रकचं पातं पोचत नाही आणि माझ्या खिडकीतून मात्र नीट दिसते. डोक्यावर रूट बिअरचं झाकण. मी जवळ जाऊन पाहिलं, माझं डिसेंबरातलं नव्हतं. जुनं होतं, कडेला गंज धरलेलं, ऑगस्टचं.

मी दुपारी कोणी नाही बघून तिला बुटानं ढकलून पाहिलं. हलली नाही.